जर, तर आणि नाहीतर : दंडाची पट्टी आणि माझा चुकलेला प्रोग्राम

(ज्यांना हेडफोन सापडत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि मागून ऐकू येणारी मालगाडी काढून टाकली आहे, बाकी जसंच्या तसं.)

[००:००]

आज मी चिंचपाड्याहून बोलतेय. चिंचपाडा म्हणजे नवापूर तालुका, नंदुरबार जिल्हा, सुरत-भुसावळ रेल्वेलाईनवरचं आमचं स्टेशन. मध्येच गाडीचा आवाज आला तर समजून घ्या.

हे वाक्य परत ऐका: "गाडीचा आवाज आला तर समजून घ्या." हाच आजचा विषय. जर-तर. प्रोग्रामिंगमध्ये याला कंडिशनल स्टेटमेंट म्हणतात. कुठलीही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे समोर येतंच. येतं, सोपं वाटतं, आणि आपण "झालं, कळलं" म्हणून पुढे जातो. मीही गेले होते. मग मावशीच्या नोंदवहीने मला परत मागे आणलं. ती गोष्ट सांगतेच, पण आधी पाया पक्का करू.

[०१:२०] एक बाक, दोन राज्यं

चिंचपाड्याहून सुरतेकडे निघालात की पुढे नवापूर स्टेशन लागतं. तिथला बाक तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. अर्धा बाक महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि सीमा आली ती थेट स्टेशनातून. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत.

आता समजा, बाकावर कोण कुठे बसलंय ते बघून फोनने सांगायचं की तुम्ही कोणत्या राज्यात आहात. माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं: "रेषेच्या अलीकडे असशील तर महाराष्ट्र, नाहीतर गुजरात." पायथन भाषेत तेच असं लिहितात:

इफ बाजू == "अलीकडे":
    प्रिंट("महाराष्ट्र")
एल्स:
    प्रिंट("गुजरात")

ऐकणाऱ्यांसाठी सांगते. पहिली ओळ : इफ, मग बाजू, मग दोन बरोबरची चिन्हं, मग अवतरण चिन्हात अलीकडे, आणि शेवटी कोलन. दुसरी ओळ थोडी आत सरकवून. तिसरी ओळ परत डावीकडे : एल्स, कोलन. चौथी ओळ पुन्हा आत.

एक सूचना. इफ, एल्स, प्रिंट हे शब्द मी इथे देवनागरीत लिहिलेत, फोनवर मात्र ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. कोडमधले आकडेही इंग्रजी. पण "बाजू" हे जे नाव आपण ठेवलं, ते पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतं. करून बघा. मला कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या अख्ख्या खोलीला उठवलं होतं.

दोन बरोबर का? कारण एक बरोबरचं चिन्ह म्हणजे "ठेव", आणि दोन म्हणजे "आहे का?" एक हुकूम आहे, दुसरा प्रश्न. इफच्या पुढे नेहमी प्रश्न लागतो, असा की ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही. "बहुतेक", "बघू", "वरच्यांना विचारून सांगतो" ही उत्तरं कॉम्प्युटरला माहीत नाहीत.

[०४:०५] आपली मराठी आणि त्याचं "तर"

मला एक गंमत वाटते. मराठीत आपण "जर" सहज खाऊन टाकतो. "पाऊस आला तर येणार नाही." इथे जर कुठेय? नाहीच. पण "तर" गाळून बघा: "जर पाऊस आला येणार नाही." कानाला लगेच खटकतं. म्हणजे आपल्याकडे खरा मान "तर"चा.

पायथनमध्ये नेमकं उलटं. इफ लिहावाच लागतो आणि "तर"साठी शब्दच नाही. काही जुन्या भाषांमध्ये तो होता, पायथनने काढला. त्याच्या जागी दोन गोष्टी आल्या : ओळीच्या शेवटचं कोलन, आणि पुढची ओळ आत सरकवणं. साधारण चार स्पेस. आत सरकवलेलं जेवढं आहे तेवढंच "तर"च्या हाताखाली. ओळ परत डावीकडे आली की "तर"चा अधिकार संपला. म्हणून नवशिक्यांची पहिली चूक हीच होते : कोलन विसरणं, नाहीतर स्पेस चुकणं. त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही, आपल्या बोलण्यात ती सवय नाही एवढंच.

आणि दोनपेक्षा जास्त वाटा असतील तर? मधे "एलिफ" येतो. एल्स आणि इफ जोडून केलेला शब्द. मराठीत सांगायचं तर "ते नसेल, पण हे असेल तर". एकदा इफ, मग हवे तितके एलिफ, शेवटी वाटलं तर एक एल्स. कॉम्प्युटर वरून खाली वाचत येतो, पहिलं "हो" मिळालं की तिथलं काम करतो आणि बाकीच्यांकडे बघतसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

तीन वाटांची ही कल्पना जुनी आहे बरं का. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान भाषा आणली, तिच्यातल्या इफला तीनच वाटा असायच्या : आकडा शून्यापेक्षा लहान, शून्य, किंवा शून्यापेक्षा मोठा. प्रत्येकासाठी कुठल्या ओळीवर उडी मारायची तो नंबर द्यायचा. तीन वाटा. लाल, पिवळा, हिरवा म्हणा हवं तर. इथूनच मावशीकडे जाऊ.

[०६:५०] मावशीची पट्टी

माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे. पाडा लहान, पण घरं लांब लांब, टेकडीवर विखुरलेली. तिच्या पिशवीत रजिस्टर असतं, फोन असतो आणि एक पट्टी असते. तुम्ही पाहिली असेल, कागदाच्या रिबिनीसारखी, तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा रंग. बाळाच्या डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, ती दंडाभोवती गुंडाळायची. घेर किती येतो ते बघायचं. ६ महिने ते ५९ महिने वयाच्या मुलांसाठी जगभर हीच पद्धत आहे.

नियम असा : दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, तर लाल. म्हणजे तीव्र कुपोषण, सेविका ज्याला "सॅम" म्हणतात. ११.५ किंवा जास्त, पण १२.५ पेक्षा कमी, तर पिवळा. मध्यम कुपोषण, "मॅम". १२.५ आणि त्यापुढे हिरवा.

मंडळी, ही पट्टी म्हणजे इफ-एलिफ-एल्सच आहे. फक्त कागदावर छापलेली. वाचता न येणाऱ्या आईलाही कळते. आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव कुपोषणाच्या बातम्यांमध्ये किती वेळा येतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे ही पट्टी खेळणं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. कॉलेजमध्ये नुकतंच पायथन सुरू झालेलं. फोनवर पायड्रॉइड ३ नावाचं अ‍ॅप होतं. एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी कोड चालतो, आणि आमच्याकडे नेट नसणं हा काही अपवाद नाही. मावशी कंदिलासारखा मोबाईल धरून वहीतले आकडे बघत होती. मी म्हटलं, "मावशी, तू आकडे सांग, माझा फोन रंग सांगेल."

ती म्हणाली, "रंग तर पट्टीच सांगते की गं."

"पण यादी आपोआप होईल ना!"

"बरं, कर."

मी पाच मिनिटांत लिहिलं:

इफ दंड < ११.५:
    प्रिंट("लाल")
एलिफ दंड < १२.५:
    प्रिंट("पिवळा")
एल्स:
    प्रिंट("हिरवा")

बघा, दुसऱ्या अटीत "११.५ पेक्षा जास्त आणि" असं लिहायची गरजच नाही. कॉम्प्युटर एलिफपर्यंत पोचलाच आहे म्हणजे दंड ११.५ पेक्षा कमी नाही हे ठरलंय. बरोबर ११.५ असेल तर? "११.५ हा ११.५ पेक्षा लहान आहे का?" नाही. म्हणून खाली येतो आणि पिवळा होतो. नियमात तेच हवंय. मी स्वतःवर भलती खूश.

[०९:३०] ११४

मावशी आकडे सांगत गेली. १३.२, हिरवा. १२.१, पिवळा. १४, हिरवा. मग ती म्हणाली, "एकशे चौदा." मी बोलता बोलता टाइप केलं, ११४. फोन म्हणाला, हिरवा. मी म्हणाले, हिरवा. पुढचा सांग.

मावशी थांबली. चष्मा वर केला. "हिरवा नाही. या पोराची पट्टी लाल होती. मी स्वतःच्या हाताने बांधली होती."

मी म्हटलं, "फोन चुकत नाही मावशी."

हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

झालं असं होतं : त्या दिवशी तिच्याकडे दुसरी पट्टी होती, जिच्यावर मिलिमीटर छापलेले होते. तिने जे दिसलं ते लिहिलं, ११४. म्हणजे ११.४ सेंटीमीटर. म्हणजे लाल. आणि माझ्या प्रोग्रामने काय केलं? ११४ हा ११.५ पेक्षा लहान? नाही. १२.५ पेक्षा लहान? नाही. मग उरलं काय? एल्स. हिरवा, सगळं ठीक, पुढे चला.

एकशे चौदा सेंटीमीटरचा दंड! म्हशीच्या पोटाला शोभेल असा घेर, आणि माझा प्रोग्राम म्हणतो बाळ गुटगुटीत आहे.

त्या मुलाचं काही बिघडलं नाही. मावशीने पट्टी लाल दिसली त्याच दिवशी नर्सताईंना कळवलं होतं, पुढची तपासणी सुरू होती. माझा प्रोग्राम कोणी वापरतही नव्हतं. पण समजा वापरत असते तर? समजा मावशी नसती, फक्त यादी असती तर? यादीत ते मूल हिरव्या रंगात बसलं असतं, आणि हिरव्या रांगेतल्या मुलाच्या घरी कोणी मुद्दाम टेकडी चढून जात नाही.

कॉम्प्युटरने चूक केली नाही. त्याने मी सांगितलं तेच केलं. चूक माझ्या "नाहीतर"मध्ये होती.

[१२:१०] एल्स म्हणजे "उरलेलं सगळं"

आज एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. एल्सचा अर्थ "तिसरा प्रकार" असा नाही. एल्सचा अर्थ "ज्याचा मी विचारच केला नाही ते सगळं". मी मनात धरलं होतं की उरलेली मुलं म्हणजे सुदृढ मुलं. पण त्या "उरलेल्या"त चुकीचे आकडे होते, वेगळी मापं होती, वयात न बसणारी मुलं होती. सगळ्यांना मी एका शब्दात हिरवं करून टाकलं.

म्हणून नियम : ज्याची खात्री आहे त्याला स्वतःची अट द्या. एल्समध्ये शंका ठेवा. तिथे "सगळं ठीक" कधीच ठेवू नका.

दुरुस्त केलेला प्रोग्राम असा झाला:

इफ दंड < ६:
    प्रिंट("पुन्हा मोजा")
एलिफ दंड < ११.५:
    प्रिंट("लाल")
एलिफ दंड < १२.५:
    प्रिंट("पिवळा")
एलिफ दंड <= २६:
    प्रिंट("हिरवा")
एल्स:
    प्रिंट("पुन्हा मोजा")

६ आणि २६ हे कुठल्या सरकारी नियमातले आकडे नाहीत. मी मावशीला विचारून ठरवले : इतक्या वर्षांत तिने यापेक्षा लहान किंवा मोठा दंड पाहिलेला नाही. आता ११४ टाकलं की फोन म्हणतो, पुन्हा मोजा. शून्य टाकलं तरी तेच.

११४ ला आपोआप १० ने भागून ११.४ का नाही करायचं? मलाही वाटलं होतं. पण तो अंदाज झाला. तिथे खरं उत्तर फोनकडे नाही, पोराच्या दंडावर आहे. पुन्हा मोजायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक. चुका दोन जातीच्या असतात. हिरव्या मुलाला चुकून लाल म्हटलं तर एक फेरी वाया जाते, मावशी कुरकुरते, संपलं. लाल मुलाला चुकून हिरवा म्हटलं तर ते मूल नजरेआड होतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत. अट लिहिताना विचारायचं : मी चुकले तर कोणत्या बाजूला चुकणं परवडेल?

[१५:००] आणि, किंवा : इथे मराठी फसवते

मावशीने मग मला अजून शिकवलं. ती म्हणाली, "नुसती पट्टी बघून भागत नाही. दोन्ही पायांना सूज असेल, बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर पट्टी हिरवी आली तरी ते मूल तीव्रच." म्हणजे दोन अटी झाल्या. दंड लहान किंवा सूज. यातली एक जरी खरी असली तरी लाल. पायथनमध्ये "किंवा"ला ऑर म्हणतात:

इफ सूज == "हो" ऑर दंड < ११.५:
    प्रिंट("लाल")

माझ्या प्रोग्राममध्ये मी सुजेची अट सगळ्यात वर, वेगळी ठेवली. कारण सूज असेल तर आकड्याची वाट बघायचीच नाही.

आणि पट्टी ६ ते ५९ महिन्यांसाठीच. इथे दोन्ही बाजू खऱ्या हव्यात, म्हणून "आणि", म्हणजे अँड:

इफ वय >= ६ अँड वय <= ५९:

आता गंमत बघा. मावशी म्हणाली, "मला लाल आणि पिवळ्या मुलांची यादी काढून दे." मी भाबडेपणाने लिहिलं : इफ रंग == "लाल" अँड रंग == "पिवळा". यादी रिकामी! कारण एकाच वेळी लाल आणि पिवळं असं मूलच नाही. आपण बोलताना "लाल आणि पिवळी मुलं" म्हणतो, पण कॉम्प्युटर एका वेळी एकाच मुलाला विचारतो : तू लाल आहेस किंवा पिवळा आहेस? बोलण्यातला "आणि" कोडमध्ये पुष्कळदा "ऑर" होतो. ही चूक इंग्रजी कमकुवत असल्यामुळे होते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ती बोलीच्या सवयीने होते, आणि सगळ्यांचीच होते.

[१७:४०] क्रम चुकला की अर्थ चुकला

मघाशी म्हटलं होतं, पहिलं "हो" मिळालं की कॉम्प्युटर पुढे बघत नाही. याचं उदाहरण आमच्याच तालुक्यातलं घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, तो नवापुरात. २०२१ च्या फेब्रुवारीत तो परत आला. त्या वेळचा नियम साधारण असा : बाधित पोल्ट्रीपासून १ किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र, तिथले पक्षी नष्ट करायचे. त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र, तिथे लक्ष ठेवायचं.

हा नियम कोणी असा लिहिला तर?

इफ अंतर <= १०:
    प्रिंट("निगराणी")
एलिफ अंतर <= १:
    प्रिंट("बाधित")
एल्स:
    प्रिंट("बाहेर")

अर्धा किलोमीटरवरची पोल्ट्री घ्या. अर्धा हा १० पेक्षा कमी आहे का? हो. झालं, निगराणी. "बाधित" ही ओळ कुठल्याच पोल्ट्रीसाठी कधीच चालणार नाही. आणि पायथन एका शब्दाने तक्रार करणार नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. उपाय सोपा : अरुंद अट आधी, रुंद अट नंतर. आधी १, मग १०.

[१९:३०] रेषेवर उभा असलेला माणूस

सगळ्यात जास्त चुका होतात त्या नेमक्या रेषेवर. "पेक्षा कमी" आणि "पर्यंत" यांत फरक आहे, आणि तो फरक एका छोट्या चिन्हाचा आहे. < म्हणजे पेक्षा कमी. <= म्हणजे तेवढं किंवा कमी.

लाडकी बहीण योजना सगळ्यांना माहीत आहे. वयाची अट काय? २१ वर्षं पूर्ण झालेली हवीत, आणि ६५ पूर्ण होईपर्यंत लाभ. कोडमध्ये : वय >= २१ अँड वय < ६५. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. म्हणजे नेमके अडीच लाख असतील तर? "जास्त नको", म्हणजे तेवढे चालतील. म्हणून इथे <=. एक बरोबरचं चिन्ह राहून गेलं तर काल परवा २१ पूर्ण झालेली एखादी ताई बाहेर राहील. तिला स्क्रीनवर फक्त "अपात्र" दिसेल. कोणत्या ओळीने तिला बाहेर काढलं ते दिसणार नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, आपली किती कामं कोणाच्या तरी लिहिलेल्या इफमधून जातात मोजून बघा. तो इफ लिहिणारी उद्या तुम्हीही असाल. म्हणून हे नीट शिका.

आणि हो, पट्टीवरचा ११.५ सुद्धा आकाशातून पडलेला नाही. आधी ही मर्यादा ११ सेंटीमीटर होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ती ११.५ केली. विचार करा, ११.२ घेराचं मूल आदल्या दिवशी लाल नव्हतं, दुसऱ्या दिवशी लाल झालं. मूल तेच, दंड तोच, अट बदलली. म्हणून असे आकडे कोडमध्ये दहा ठिकाणी विखरू नका. वर एकदाच नाव देऊन ठेवा, लाल_मर्यादा = ११.५, आणि खाली सगळीकडे ते नाव वापरा. उद्या आकडा बदलला तर एकच ओळ बदलायची.

[२२:४५] फोनवर करताना

दोन अडचणी हमखास येतील, आधीच सांगते.

पहिली. आकडा विचारायला आपण इनपुट वापरतो. पण इनपुट जे देतो तो मजकूर असतो, आकडा नाही. मजकूर आणि ११.५ यांची तुलना करायला गेलात की पायथन लाल अक्षरात ओरडतो. म्हणून इनपुटभोवती फ्लोट घाला:

दंड = फ्लोट(इनपुट("घेर किती? "))

आणि इथे एक सुखद धक्का. मावशीच्या कीबोर्डवर मराठी आकडे येतात. तिने ११.४ देवनागरी आकड्यांत टाइप केलं, आणि फ्लोटने ते निमूटपणे समजून घेतलं. कोडमध्ये लिहिलेले आकडे इंग्रजी हवेत, पण वापरणाऱ्याने टाइप केलेले मराठी आकडे चालतात. मावशी म्हणाली, "बघ, तुझ्यापेक्षा ते समजूतदार आहे."

दुसरी. प्रोग्राम चालला म्हणजे बरोबर आहे असं नाही. माझाही चाललाच होता. तपासताना मधले आकडे टाकू नका, ते नेहमीच पास होतात. रेषेजवळचे टाका : ११.४, ११.५, ११.६. मग १२.४, १२.५, १२.६. मग वेडेवाकडे टाका : ०, ११४, १.१४. प्रत्येक वेळी आधी कागदावर उत्तर लिहा, मग फोनला विचारा. फोनने काय सांगितलं ते बघून "हो, तेच म्हणायचं होतं" असं करायचं नाही.

[२५:१०] गृहपाठ

तुमच्या घरातला एक जर-तर शोधा. एसटीची सवलत, ठिबकचं पाणी कधी सोडायचं, दुधाचा दर फॅटप्रमाणे कसा ठरतो, काहीही. आधी मराठीत लिहा, प्रत्येक "पर्यंत" आणि "पेक्षा" नीट बघून. मग कोड लिहा. आणि शेवटी एल्सकडे बघून स्वतःला विचारा : इथे येऊन पडणारे नक्की कोण? मला सगळे माहीत आहेत का? नसतील, तर तिथे "पुन्हा बघा" लिहा.

एक गोष्ट स्पष्ट करते : हा प्रोग्राम शिकण्यासाठी आहे. बाळाला काय झालंय हे ठरवायचं काम सेविकेचं, नर्सताईंचं आणि डॉक्टरांचं. घरात लहान मूल असेल तर अंगणवाडीत नेऊन दंड मोजून घ्या, त्याला कोड लागत नाही.

मावशीकडे तो प्रोग्राम अजून आहे. ती वापरते का? कधीकधी. पट्टीचा रंग आधी बघते, मग फोनचा. दोन्ही जुळले तर पुढे जाते. नाही जुळले तर चप्पल घालते आणि टेकडी चढते.

पुढच्या भागात लूप. म्हणजे हेच काम चाळीस मुलांसाठी चाळीसदा न लिहिता कसं करायचं. गाडी आली बघा. भेटू!